चेकनाका ओलांडला की कोणता नियम बदलतो? मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतलं गाडी-चार्जिंग

दहिसर चेकनाका ओलांडून मीरा रोडला गेलात तर महापालिका बदलते, वीज कंपनी तीच राहते. विक्रोळी सोडून भांडुपला गेलात तर महापालिका तीच राहते, वीज कंपनी बदलते. मुलुंड चेकनाक्यावरून ठाण्यात शिरलात तर दोन्हीकडे बिल महावितरणचंच येतं, पण इमारतीचे नकाशे मंजूर करायचं नियमपुस्तक वेगळं. इलेक्ट्रिक गाडी घ्यायला निघालेली माणसं ‘मुंबईत काय नियम आहे, ठाण्यात काय आहे’ असं विचारतात आणि दहा जणांकडून दहा उत्तरं मिळवतात, त्याचं कारण या सरमिसळीत आहे. शहराचं नाव बाजूला ठेवून तीन गोष्टी आधी तपासा: वीजबिल कोणाचं येतं, नकाशा कोणी मंजूर केला आणि गाडी उभी राहते ती जागा कागदोपत्री कोणाची. या तीन सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. तुमच्या घरासाठी कोणता नियम लागू, हे त्या तिघींच्या छेदावर ठरतं.

बिल कोणाचं?

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट. तिथून पुढे पश्चिमेला दहिसरपर्यंत आणि पूर्वेला विक्रोळीपर्यंत अदानी. मीरा-भाईंदर वेगळी महापालिका असूनही तिथेही अदानीच. उपनगरांत टाटा पॉवरचाही परवाना आहे. भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल हा सगळा पट्टा महावितरणचा. कळवा, मुंब्रा, शीळ या भागात २०२० पासून आणि भिवंडीत त्याही आधीपासून टोरंट ही फ्रँचायझी काम पाहते. तिथे दर महावितरणचेच लागतात, पण अर्ज टोरंटच्या कार्यालयात द्यायचा.

उपनगरांत एक खाचखळगा आहे. काही घरांना बिल टाटाचं येतं, पण तारा अदानीच्या असतात. अशा घरात भार (एका वेळी वापरता येणाऱ्या विजेची मंजूर मर्यादा) वाढवायचा किंवा नवा मीटर घ्यायचा, तर जागेवरचं काम तारांच्या मालकाकडून होतं. अर्ज करण्याआधी दोन्ही कंपन्यांना लेखी विचारून घ्या, नाहीतर फाइल दोन टेबलांमध्ये फिरत राहते.

दर ठरवण्याचं काम महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचं. आयोग प्रत्येक कंपनीसाठी वेगळा आदेश काढतो, त्यामुळे रुपयांतला आकडा कंपनीगणिक बदलतो. दराची रचना मात्र बहुतांशी सारखी आहे. घरगुती वर्गात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे आहेत आणि गाडीची युनिटं घरच्या वापराच्या वर, म्हणजे तुमच्या महाग टप्प्यांत पडतात. चार्जिंगच्या जाहिरातीत ‘किलोमीटरला इतके पैसे’ हा हिशेब सरासरी दराने मांडलेला असतो, तो इथे फसतो.

उदाहरण घेऊ. घराचा वापर महिन्याला २६० युनिट, गाडी १,००० किलोमीटर. मध्यम आकाराची गाडी किलोमीटरला साधारण १४० वॅट-तास खाते, म्हणजे १४० युनिट. चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर १५५च्या आसपास दिसतील. त्यातली पहिली ४० दुसऱ्या टप्प्यात बसतील आणि ११५ युनिट तिसऱ्यात. मे महिन्यात एसीमुळे घराचाच वापर ४५० झाला, तर गाडीची १०५ युनिट थेट ५०० च्या वरच्या टप्प्यात जातात.

यावर पर्याय म्हणजे गाडीसाठी स्वतंत्र जोडणी. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. आयोगाच्या आदेशात ईव्ही चार्जिंगचा स्वतंत्र वर्ग आहे, त्यात हे टप्पे नाहीत, पण मंजूर भारावर आधारलेला मासिक आकार असतो. नवा मीटर कोणत्या वर्गात बसवणार, हे अर्जातच लेखी मागा. कारण आधीच्याच जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज केली, तर त्या जागेचाच वर्ग लागू होतो. फायद्याचा हिशेब सोपा आहे: तुमच्या वरच्या टप्प्याचा दर वजा ईव्ही दर, गुणिले महिन्याची युनिटं. हे उत्तर मासिक आकारापेक्षा बरंच मोठं आलं तरच वेगळ्या मीटरचा खर्च करा. महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या आणि घरी कमी वीज वापरणाऱ्या माणसाने घरच्याच मीटरवर राहावं, असं माझं मत आहे.

कार्यालयांचं गणित उलटं. व्यावसायिक जोडणीवर कंपनीच्या गाड्या चार्ज केल्या तर व्यावसायिक दर पडतो, तिथे वेगळा ईव्ही मीटर लवकर पैसे वसूल करतो.

वेळेनुसार बदलणाऱ्या दराकडेही लक्ष ठेवा. अनेक वर्षं सवलत रात्री १० ते सकाळी ६ अशी असायची. आता सौरऊर्जेमुळे सवलतीचा ओघ दिवसाकडे वळला आहे. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या चार्जिंग मार्गदर्शक तत्त्वांत सार्वजनिक स्थानकांसाठी सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि उरलेल्या वेळेत १.३ पट दर सुचवला आहे. ‘रात्री लावली की स्वस्त’ ही जुनी सवय चालू आदेशाशी ताडून पाहा. दिवसाच्या सवलतीचा फायदा सोसायटीपेक्षा कार्यालयातल्या वाहनतळाला जास्त होतो, कारण दुपारी गाडी तिथे उभी असते.

मंजूर भार आणि तारा

आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार एकफेजी जोडणीची मर्यादा ४० अँपिअर आहे. ७.४ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर एकटाच ३२ अँपिअर घेतो. त्याच मीटरवर एक एसी आणि गिझर लागला की मर्यादा संपली. म्हणून घरच्या मीटरवरून ७.४ चा चार्जर हवा असेल तर तीनफेजी जोडणी किंवा भारवाढ जवळजवळ अटळ आहे. जुन्या इमारतींत मीटर-खोलीतल्या बसबारला (सगळ्या मीटरना वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीला) तेवढी जागाच नसते, आणि वर्षभर अडकलेले अर्ज बहुतेक इथेच अडकलेले असतात.

विक्रेते ७.४ चा चार्जर गाडीबरोबर देतात आणि लोक तोच लावायचा हट्ट धरतात. रोज ५० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला रात्री ८ युनिट पुरतात. ३.३ किलोवॅटच्या, १६ अँपिअरच्या जोडणीवर हे काम अडीच तासांत होतं. आठ तासांत २६ युनिट भरतात, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. बहुतेक कुटुंबांना एवढं पुरतं आणि बऱ्याचदा भारवाढीची भानगडही टळते. अनेक भिंतीवरच्या चार्जरमध्ये आतली सेटिंग बदलून प्रवाह १६ अँपिअरवर आणता येतो, बसवणाऱ्याला तसं आधीच सांगा.

तारेच्या जाडीचा हिशेब न केल्याने खूप ठिकाणी चूक होते. मुंबई-ठाण्याच्या टॉवरमध्ये मीटर-खोली तळमजल्यावर आणि गाडी पोडियमच्या, म्हणजे घरांखालच्या पार्किंगच्या, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, त्यामुळे तार सहज ६० मीटर भरते. ३२ अँपिअरला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ६० मीटर नेली तर सुमारे १२ व्होल्ट गळतात, म्हणजे ५ टक्के. १० चौरस मिलिमीटरला ७ व्होल्ट, १६ ला साडेचार. ३ टक्क्यांच्या आत राहायचं धोरण ठेवा. ६० मीटरला १० चौरस मिलिमीटर अगदी काठावर बसतं, जरा लांबलं की १६ घ्या. संध्याकाळी मुळात व्होल्टेज पडलेलं असतं, त्यात हे १२ व्होल्ट गेले की चार्जर मध्येच थांबतो आणि दोष गाडीवर ढकलला जातो.

सुरक्षेचे नियम केंद्रीय वीज प्राधिकरणाचे आहेत आणि ते चेकनाक्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच. प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट. त्यावर ३० मिलीअँपिअरपेक्षा जास्त नसलेलं, किमान ‘ए’ प्रकारचं गळती-संरक्षक यंत्र, जे न्यूट्रलसकट सगळ्या तारा तोडतं. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच. उभ्या गाडीतलं चार्जिंगचं तोंड चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत. एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही, खिडकीतून सोडलेली वायर तर नाहीच. बाजारात मिळणारं स्वस्त आरसीसीबी (म्हणजे हेच गळती-संरक्षक यंत्र) बहुतेकदा ‘एसी’ प्रकारचं असतं, ते इथे चालत नाही; गाडीच्या चार्जरमधून येणारी एकदिश (डीसी) गळती ते ओळखत नाही. पेटीवरचं चिन्ह पाहूनच घ्या.

घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटवर रोज आठ तास पूर्ण प्रवाह चालला की काही महिन्यांत त्याची पिन-धारकं सैल होतात आणि प्लास्टिक वितळतं. निळ्या रंगाचं औद्योगिक सॉकेट लावा, ४ चौरस मिलिमीटरची तार वापरा. ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून चार्जर सुरूच होत नाही, ही तक्रार आली तर सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ते काही व्होल्टांच्या वर गेलं असेल तर इमारतीचा अर्थिंग खड्डा सुकला आहे किंवा न्यूट्रलचा जोड सैल आहे. आधी तो जोड बघा. चार्जर बदलून उपयोग होत नाही.

नकाशा कोणी मंजूर केला?

बृहन्मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू आहे. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, पनवेल, भिवंडी इथे डिसेंबर २०२० ची एकत्रित नियमावली, जी मुंबईला लागू नाही. एमआयडीसीची हद्दही या एकत्रित नियमावलीच्या बाहेर आहे. म्हणून ठाण्याचा वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईचा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा इथल्या कारखान्याने वाहनतळासाठी परवानगी मागायला महापालिकेत जाऊ नये. तिथे नियोजन प्राधिकरण एमआयडीसी. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयांसाठी तसंच एमएमआरडीए.

नव्या घराच्या खरेदीत विकसक हमखास राज्याच्या ईव्ही धोरणाचा हवाला देतो. २०२१ च्या धोरणात नव्या निवासी इमारतीत २० टक्के जागा चार्जिंगला तयार ठेवायच्या होत्या, व्यावसायिक इमारतीत २५ टक्के. ३१ मार्च २०३० पर्यंत चालणाऱ्या २०२५ च्या धोरणाने हे प्रमाण निवासी इमारतींसाठी १०० टक्क्यांवर नेलं आणि निदान एक सामायिक चार्जर चालू हवा असं म्हटलं. पण धोरणातलं वाक्य नियमावलीत उतरल्याशिवाय नकाशा मंजूर करणारा अधिकारी त्यावर अडून बसू शकत नाही, आणि तुमच्या इमारतीला तिच्या मंजुरीच्या तारखेचा नियम लागतो. त्यामुळे माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मंजूर नकाशा व विजेचा भार-तक्ता मागा.

‘तयार’ या शब्दात चार्जर येत नाही. त्यात यायला हवं ते असं: मीटर-खोलीपासून वाहनतळापर्यंत केबलचा मार्ग, पॅनेलमध्ये रिकामी जागा, आणि मुख्य म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये राखलेला भार. केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींतल्या २०१९ च्या दुरुस्तीत हा भार मोजायची रीत दिली आहे: सगळे पॉइंट एकाच वेळी चालू धरा आणि त्याला १.२५ ने गुणा. १०० गाड्यांच्या वाहनतळात २० पॉइंट, प्रत्येकी ७.४ किलोवॅट, म्हणजे १४८, गुणिले १.२५, म्हणजे १८५ किलोवॅट. हा आकडा पाहून जुन्या सोसायट्यांच्या समित्या घाबरून विषयच बंद करतात. प्रत्यक्षात २० गाड्यांना रात्री सरासरी ८ युनिट लागली तर ती १६० युनिट आठ तासांत २० किलोवॅटमध्ये भरतात. भार वाटून देणारी व्यवस्था असलेले चार्जर हेच करतात: मुख्य केबलवर प्रवाह मोजणारं यंत्र बसवतात आणि लिफ्ट-पंपाचा भार वाढला की गाड्यांचा प्रवाह आपोआप उतरवतात. जुन्या सोसायटीने ३०-४० किलोवॅटची एक ईव्ही जोडणी घेऊन ही व्यवस्था बसवणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. वीस जणांनी वीस वेगवेगळ्या तारा ओढल्या तर सहावा-सातवा अर्ज येईपर्यंत बसबार संपतो आणि मग उरलेल्यांना कायमचं ‘नाही’. एकफेजी चार्जर लावताना ते तिन्ही फेजवर वाटून लावा. सगळे एकाच फेजवर गेले की त्या फेजच्या घरांत दिवे मंदावतात आणि चार्जिंग बंद करा म्हणून सभा बोलावली जाते.

जागा कोणाची?

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाला चार्जिंगसाठी ना-हरकत सात दिवसांत द्यावी, असं सहकार खात्याचं २०२२ चं परिपत्रक सांगतं. ते तिन्ही शहरांतल्या सहकारी संस्थांना सारखंच लागू आहे. फरक नवी मुंबईत पडतो. सिडकोच्या अनेक वसाहती अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० खालच्या असोसिएशन आहेत. तिथे सहकार खात्याचं पत्रक घेऊन गेलात तर समिती ‘आम्ही सोसायटी नाही’ म्हणून परत पाठवू शकते. अशा ठिकाणी असोसिएशनच्या उपविधींचा आणि वीजग्राहक हक्क नियमांचा आधार घ्या.

जागेचं वाटप लेखी असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं की उघडी आणि खांबांखालची पार्किंगची जागा विकासक स्वतंत्र मालमत्ता म्हणून विकू शकत नाही. ती सामायिक असते. म्हणजे तुमच्याकडे विकासकाची पावती असली तरी समितीचं वाटपपत्र नसेल, तर वीज कंपनी जागेचा पुरावा मागते तिथे अर्ज थांबेल. जागा दरवर्षी चिठ्ठीने फिरत असेल तर स्वतःचा चार्जर लावूच नका, सामायिक चार्जरचा ठराव करून घ्या.

ना-हरकतीच्या अर्जाला ‘नाही’ म्हणायला जागा ठेवू नका. त्यात चार्जरची क्षमता, तारेची जाडी आणि मार्ग दाखवणारा साधा आराखडा, गळती-संरक्षक यंत्राचा तपशील, परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचं नाव, खर्च स्वतःचा असल्याचं पत्र आणि घर विकताना तार काढून देण्याची हमी इतकं जोडा. मग वीज कंपनीकडे ना-हरकत, वाटपपत्र आणि कंत्राटदाराचा चाचणी अहवाल द्या. महानगरांत पूर्ण अर्जानंतर तीन दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवसांत जोडणी द्यावी असं २०२४ ची दुरुस्ती सांगते. ‘पूर्ण’ या शब्दावर सगळं अवलंबून आहे. एखादा कागद राहिला तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, आणि नवी केबल किंवा ट्रान्सफॉर्मर लागला तर ही मुदत लागू होत नाही.

लिफ्ट आणि पंपाच्या सामायिक मीटरवरून चार्जर चालवून बाहेरच्या गाड्यांकडून पैसे घेणाऱ्या सोसायट्यांनी वीज कायदा, २००३ चं कलम १२६ वाचावं. जोडणी ज्या कामासाठी दिली त्याहून वेगळा वापर आढळला तर आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. चार्जिंगची सेवा द्यायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. योग्य वर्गातला मीटर मात्र लागतोच.

पाऊस

८०० मिलिमीटरची उंची हा किमान आकडा आहे. हिंदमाता, कुर्ला, शीव इथल्या तळमजल्यावरच्या वाहनतळात पाणी याहून वर चढतं. वॉचमनला विचारून भिंतीवरची सर्वांत वरची पाण्याची खूण शोधा आणि चार्जर, सॉकेट व एमसीबीची पेटी तिच्या किमान एक फूट वर घ्या. पाणी भरायला लागलं की मीटर-खोलीतून त्या सर्किटचा स्विच आधी पाडता यायला हवा, म्हणून तिथे ठळक नाव लिहिलेला आयसोलेटर (पुरवठा पूर्ण तोडणारा स्विच) बसवा. ऐरोली, वाशी, बेलापूरच्या खाडीकाठी प्रश्न खाऱ्या हवेचा. तिथे उघड्या लोखंडी पेट्या दोन पावसाळ्यांत सडतात आणि अर्थिंगच्या पट्टीचे जोड हिरवे पडतात. फायबरची बंद पेटी, जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी आणि दर मे महिन्यात जोड साफ करून घट्ट करणं, इतकं केलं तरी पावसाळ्यातल्या बहुतेक तक्रारी थांबतात. आरसीसीबीचं ‘टेस्ट’ बटणही त्याच दिवशी दाबून पाहा. ते दाबल्यावर वीज गेली नाही, तर चार्जर त्या दिवसापासून बंद ठेवा आणि यंत्र बदलल्यावरच सुरू करा.